प्रस्तावना : आधी अंग आपले वाटावे लागते

पक्षाघाताच्या रुग्णाची सेवा ज्या घरांनी केली आहे, त्यांनी एक कोडे जवळून पाहिलेले असते. तपासताना डॉक्टर सांगतात तेव्हा रुग्ण मूठ आवळतो, कोपर वाकवतो, बोटे उघडतो. ताकद बऱ्यापैकी परत आलेली असते. घरी आल्यावर मात्र तोच हात मांडीवर पडून राहतो. भाकरी एका हाताने मोडण्याची धडपड चालते, सदऱ्याची बटणे एकाच हाताने कशीबशी लावली जातात, आणि दुसरा हात शेजारी असून कामाला येत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, रुग्णाला ते नशीब वाटते. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. हालचाल करता येणे आणि ती हालचाल रोजच्या जगण्यात वापरणे यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. हे अंग माझे आहे, ही जाणीव म्हणजे ती पायरी. या पुस्तकाचा विषय हाच आहे.

निरोगी माणसाला या जाणिवेची दखल घ्यावी लागत नाही, कारण ती सतत सोबत असते. डोळे मिटा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्यावर टेकवा. नाक सापडते. बोट कुठे आहे आणि नाक कुठे आहे, हे न पाहता मेंदूला ठाऊक होते. त्वचेकडून स्पर्श येतो, स्नायू आणि सांध्यांकडून अंग कसे वळले आहे याची खबर येते, कानाच्या आतल्या भागाकडून तोल कळतो आणि डोळे या सगळ्याची खातरजमा करतात. या खबरांचा मेळ घालून मेंदू शरीराचा एक आराखडा बाळगतो आणि तो क्षणोक्षणी सुधारत राहतो. इंग्लंडमधील हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या मज्जातंतुतज्ज्ञांनी १९११ साली ही कल्पना नीट मांडली. प्रत्येक नवी हालचाल आधीच्या स्थितीशी ताडून पाहिली जाते, आणि असा आराखडा नसेल तर माणसाला आपला हात कुठून निघाला हेच कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढील प्रकरणांत दोन शब्द वारंवार येतील. पहिला आपलेपणा : हा हात माझा आहे. दुसरा कर्तेपणा : ही हालचाल मी केली. एरवी दोन्ही एकत्र नांदतात. गर्दीच्या बसमध्ये कुणाचा धक्का लागून हात वर गेला, तर हात माझाच असतो पण हालचाल माझी नसते. अशा वेळी त्या दोन जाणिवा वेगळ्या असल्याचे लक्षात येते. स्वीडनमधील संशोधक अँड्रियास कालकर्ट आणि हेन्रिक एर्सन यांनी २०१२ मध्ये लाकडी हातावर प्रयोग करून हा फरक स्पष्ट केला. बोट दुसऱ्या कुणी हलवले तर लाकडी हात आपला वाटतो पण हालचाल आपली वाटत नाही. तो हात शरीराला न शोभणाऱ्या दिशेने ठेवला तर हालचाल आपली वाटते, पण हात परका राहतो.

या आराखड्याला खबर मिळेनाशी झाली तर काय होते, याचे उदाहरण इयान वॉटरमन या इंग्रज माणसाच्या आयुष्यात आहे. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका साध्या वाटणाऱ्या संसर्गानंतर त्यांच्या मानेखालच्या शरीरातील स्पर्शाच्या आणि अंगस्थितीच्या जाणिवेच्या नसा निकामी झाल्या. हालचालीच्या आज्ञा नेणाऱ्या नसा शाबूत होत्या आणि स्नायूंत ताकदही होती. तरी त्यांना उठून बसता येईना. आज्ञा जात होती, पण ती कुठे पोचली याची खबर परत येत नव्हती. त्यांनी डोळ्यांच्या आधाराने सगळे नव्याने शिकून घेतले. प्रत्येक पाऊल पाहून टाकायचे, प्रत्येक पकड पाहून घ्यायची, आणि खोलीतला दिवा गेला की तोल सांभाळणे कठीण. डॉ. जोनाथन कोल यांनी त्यांच्यावर १९९१ मध्ये संपूर्ण पुस्तक लिहिले. चालणे, पेला उचलणे, खुर्चीत बसणे या गोष्टी आपण किती फुकटात करतो, हे ते पुस्तक वाचल्यावर कळते.

वॉटरमन यांच्या बाबतीत खबर येणेच थांबले होते. खबर असते पण ती चुकीच्या ठिकाणी जोडली जाते, तेव्हा काय होते हे १९९८ मध्ये दिसले. अमेरिकेतील मॅथ्यू बोट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा, आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच तालात ब्रश फिरवायचा. काही मिनिटांत बहुतेकांना ब्रशचा स्पर्श रबरी हातावर होत असल्यासारखा वाटू लागतो आणि तो हात आपलाच भासतो. डोळे मिटून खरा हात कुठे आहे ते दाखवायला सांगितले, तर बोट रबरी हाताच्या दिशेने सरकलेले असते. ब्रशचा ताल चुकवला की हा भास होत नाही किंवा अगदीच क्षीण होतो. २००४ मध्ये एर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हा भास होत असताना हालचालीची आखणी करणारा पुढचा भाग, म्हणजे प्रीमोटर कॉर्टेक्स, सक्रिय झालेला दिसला. आपलेपणाच्या जाणिवेत मेंदूचा जो भाग सामील आहे, तोच हालचाल आखण्यातही सामील आहे. या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद इथून सुरू होतो.

यावर एक रास्त शंका घेता येते. भास हा भास आहे, त्याने प्रत्यक्ष हालचाल बदलते का? मार्योलैन कामर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमके हेच तपासले. रबरी हाताचा भास झालेल्या माणसांना झटकन हात पुढे नेऊन एका बिंदूवर बोट टेकवायला सांगितले, तेव्हा हालचाल फारशी चुकली नाही. मन फसले होते, हात फसला नव्हता. पुढच्याच वर्षी याच गटाने वस्तू पकडण्याची हालचाल तपासली, तेव्हा मात्र भासाचा परिणाम बोटांच्या पकडीत उतरलेला दिसला. या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो, पण तो समजून घेण्यासारखा आहे. झटकन पुढे जाणारा हात मेंदूच्या जलद आणि बऱ्याच अंशी आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर चालतो. कोणती पकड घ्यायची, कोणता हात वापरायचा, किती जोर लावायचा, हे ठरवायचे असते तेव्हा आराखड्याला विचारावे लागते. रोजच्या जीवनातली बहुतेक कामे या दुसऱ्या जातीची आहेत.

आणखी थेट पुरावा २०१६ मध्ये इटलीतून आला. फ्रान्चेस्का देल्ला गात्ता आणि सहकाऱ्यांनी रबरी हाताचा भास चालू असताना मेंदूच्या हालचालीच्या भागाला चुंबकीय झटका देऊन खऱ्या हाताच्या स्नायूचा प्रतिसाद मोजला. रबरी हात जसजसा आपला वाटू लागला, तसतसा खऱ्या हाताचा प्रतिसाद कमी झाला. जो हात आपल्या हिशेबातून निसटू लागतो, त्याच्यासाठी मेंदू हालचालीची तयारीही कमी ठेवतो, असा याचा अर्थ आहे. हे सगळे निरोगी तरुणांमध्ये, काही मिनिटांत घडले. ज्या माणसाचा हात महिनोन्‌महिने निश्चल राहिला आहे, त्याच्या मेंदूत काय चालले असेल याचा विचार यावरून करावा.

त्याच गटातील फ्रान्चेस्का गार्बारीनी यांचे २०१३ मधील काम याहून विलक्षण आहे. ते समजण्यासाठी वाचकाने स्वतः एक प्रयोग करावा. दोन्ही हातांत पेन्सिल घ्या, उजव्या हाताने उभी रेघ वरखाली काढत राहा आणि त्याच वेळी डाव्या हाताने गोल काढा. रेघ फुगते, गोल चपटा होतो. दोन्ही हात आपले असल्यामुळे एकाची आखणी दुसऱ्याच्या आखणीत मिसळते. गार्बारीनी यांचे रुग्ण असे होते की त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती, आणि शेजारी ठेवलेला तपासनिसाचा हात त्यांना आपलाच डावा हात वाटत होता. रुग्णांनी निरोगी उजव्या हाताने रेघ काढायची आणि तपासनिसाने आपल्या हाताने गोल काढायचा, असे ठरले. रुग्णांची रेघ फुगली. दुसऱ्याच्या हाताच्या हालचालीने त्यांच्या चांगल्या हाताची हालचाल बदलली, कारण मेंदूने तो परका हात आपल्या हिशेबात घेतला होता. आपलेपणाची जाणीव हालचालीच्या आज्ञेत मिसळलेली असते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

ही जाणीव रोजच्या सरावात कशी घडते ते पाहायला आता प्रयोगशाळेतून भोपाळमध्ये येऊ.

या शहराच्या मधोमध छोटा तलाव आहे. नवाबीच्या काळात, १७९४ साली, तो बांधला गेला. त्याच पाण्यावर गेल्या काही वर्षांत भारतातल्या पॅरा कॅनोइंगची एक पिढी तयार झाली. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी इथे सराव केला. त्यांच्या पायांत जन्मापासून अपंगत्व आहे. आधी त्या पोहत असत, नंतर नावेकडे वळल्या. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये उतरलेल्या त्या भारताच्या पहिल्या पॅरा कॅनोइंग खेळाडू. तिथे ‘वा’ या नावेच्या २०० मीटर व्हीएल-२ प्रकारात त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि आठवा क्रमांक मिळवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत कयाकच्या केएल-२ प्रकारात त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

या खेळाकडे आपल्या विषयाच्या नजरेने पाहावे. पॅरा कॅनोइंगमध्ये दोन तऱ्हेच्या नावा असतात. कयाकमध्ये दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे दोन्ही बाजूंना मारतात. ‘वा’ नावाच्या नावेत एकपाती वल्हे एका वेळी एकाच बाजूला मारतात, आणि तिला सुकाणू नसते. पुढे जाणे आणि सरळ राहणे, दोन्ही गोष्टी त्या एका पात्याने साधाव्या लागतात. ज्यांच्या पायांत जोर नाही, त्यांनी कमरेपासून नावेला घट्ट बसायचे आणि धड, खांदे व हातांनी पाणी ओढायचे. पात्याच्या टोकाला पाणी किती जड लागते, नाव किती कलली, हे वल्ह्याच्या दांड्यातून आणि आसनातून कळावे लागते. विचार करून ठरवायला वेळ नसतो. नाव आणि वल्हे ही वस्तू राहिली तर शर्यत होत नाही. ती शरीराच्या आराखड्यात सामावून घ्यावी लागतात.

हे काव्य नाही. जपानमधील अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना लांब दाताळ्याने खाणे ओढून घ्यायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूतील अशा पेशींची नोंद घेतली, ज्या हाताला झालेल्या स्पर्शाला आणि हाताजवळ दिसणाऱ्या वस्तूला प्रतिसाद देतात. दाताळे वापरल्यावर त्या पेशींचे क्षेत्र दाताळ्याच्या टोकापर्यंत पसरले. दाताळे हातात नुसते धरून ठेवले तेव्हा ते पसरले नाही. वापरण्याचा हेतू असावा लागला. २००९ मध्ये फ्रान्समधील ल्युचिल्ला कार्दिनाली आणि सहकाऱ्यांनी माणसांना लांब चिमट्याने वस्तू उचलायला लावल्या. चिमटा बाजूला ठेवल्यावरही काही काळ त्या माणसांचा मोकळा हात लांब हात असल्यासारखा चालला, आणि कोपर व मधल्या बोटाचे टोक एकमेकांपासून जास्त दूर असल्यासारखे त्यांना वाटले. सवयीने आणि हेतूने शरीराची सीमा बदलते. छोट्या तलावावर रोज पहाटे जो सराव होतो, त्याच्या मुळाशी हीच शक्ती आहे. जे शरीर जन्मतः मिळाले त्यापलीकडे ते वाढवता येते.

भोपाळमध्ये या विषयाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती जड आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू शहरात पसरला. त्या रात्रीचे मृत्यू, फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे आजार यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतर कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांत, गॅसबाधित आणि दूषित पाणी प्यावे लागलेल्या कुटुंबांत वाढलेल्या मुलांबद्दल कमी लिहिले गेले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघी गॅसपीडित कामगार स्त्रियांना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. तिथे अपंग मुलांना फिजिओथेरपी, वाचाउपचार आणि विशेष शिक्षण विनामूल्य मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेली कितीतरी मुले आईच्या कडेवर बसून तिथे येतात.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा प्रश्न पक्षाघात झालेल्या आजोबांपेक्षा वेगळा आहे. आजोबांचा हात साठ वर्षे त्यांचा होता आणि एका रात्रीत दुरावला. या मुलाचा हात त्याचा कधी झालाच नाही. एकाच बाजूचा हात दुरावलेल्या अशा मुलात मेंदूच्या एका बाजूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच इजा झालेली असते. बाळ चांगल्या हाताने खेळणे ओढते, ते मिळते, आणि पुढच्या वेळीही तोच हात पुढे येतो. दुसरा हात मागे राहतो आणि मागे राहिला म्हणून त्याला काही शिकायला मिळत नाही. तपासणीत त्या हातात जेवढी क्षमता दिसते, त्यापेक्षा खेळात त्याचा वापर बराच कमी असतो. बालपुनर्वसनात काम करणारे लोक हे रोज पाहतात. या मुलासाठी व्यायामाच्या आधी एक ओळख व्हावी लागते. दोन्ही हात लागतील असा खेळ, मोठा चेंडू, कणकेचा गोळा, टाळ्या, झाकण फिरवायची बाटली. हात पाहायचा, हाताने हात चोळायचा, हाताला पाणी, वाळू, धान्य लावायचे. काही मुलांना चांगल्या हातात मोजा घालून दुसऱ्या हाताला कामाची संधी देतात. कॅलिपर आणि स्प्लिंट यांची जागा आहेच, पण त्यांनी झाकलेल्या अंगाला दिवसातून काही वेळ उघडे राहून स्पर्श मिळणेही तितकेच गरजेचे आहे, आणि ते केव्हा व किती वेळ हे मुलाच्या थेरपिस्टशी बोलून ठरवावे.

महाराष्ट्राला हा धडा कुष्ठरोगाने फार पूर्वी शिकवला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडतात असा सार्वत्रिक समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग नसांची संवेदना मारतो, आणि मग न कळणाऱ्या भाजण्या, कापण्या आणि दाबांमुळे बोटे नष्ट होतात. ज्या हातातून वेदना येत नाही, तो हात माणूस एखाद्या अवजारासारखा वापरतो. ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांसाठी स्नायूबंध हलवण्याच्या शस्त्रक्रिया रुळवल्या. त्यांच्या मागून नेहमी हातांचे प्रशिक्षण यायचे, कारण नव्या जागी जोडलेला स्नायूबंध वापरायला मेंदूने शिकावे लागते. शस्त्रक्रियेने हात सुधारतो आणि सरावाने तो त्या माणसाचा होतो.

कृत्रिम पायाचेही असेच आहे. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करते आहे. जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो पाय घडवला, तो अनवाणी चालता येईल, मांडी घालता येईल, शेतात उतरता येईल असा होता. भारतीय माणसाच्या अंगाच्या सवयींशी तो जुळला. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला, आणि जयपूर पाय लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. नृत्यात पाय जमिनीवर कधी आणि किती जोराने पडतो, हे कळल्याशिवाय ताल साधत नाही. रबर आणि लाकूड यांच्या त्या पायाची खबर खुंटातून, गुडघ्यातून, कमरेतून घ्यायला त्या शिकल्या. सराव पुरेसा झाला की मेंदू निर्जीव वस्तूलाही आपल्यात घेतो, याचे यापेक्षा बोलके भारतीय उदाहरण नाही.

यातून घरी काय करावे, हे या पुस्तकाच्या उत्तरार्धात सविस्तर आले आहे. त्यातली मुख्य सूत्रे इथे सांगतो.

पहिले सूत्र, पाहणे आणि स्पर्श एकाच वेळी घडावेत. रबरी हाताच्या प्रयोगाने हेच शिकवले. रुग्ण दूरदर्शन पाहत असताना त्याच्या हाताला तेल चोळले तर स्नायूंना बरे वाटते, पण हात ओळखीचा होत नाही. मालिश करताना रुग्णाने हाताकडे पाहावे. शक्य असेल तर त्याने स्वतःच्या चांगल्या हाताने दुसरा हात चोळावा. स्वतःच्या स्पर्शाने दुरावलेल्या अंगाची जाणीव सुधारल्याच्या नोंदी आहेत. स्पर्श सावकाश असावा. लॉरा क्रुचिआनेल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर या गतीने केलेला हळुवार स्पर्श झपाझप चोळण्यापेक्षा आपलेपणाची जाणीव अधिक जागवतो. आई बाळाच्या अंगावरून ज्या गतीने हात फिरवते, ती साधारण हीच गती.

दुसरे सूत्र आरशाचे. व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात आरशाची पेटी वापरून, कापलेला हात अजून आहे असे वाटून होणाऱ्या वेदनेवर उपाय शोधला. चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुसऱ्या हाताच्या जागी दिसते, आणि मेंदूला दोन्ही हात हलताना दिसतात. पक्षाघातात हा उपाय १९९९ पासून तपासला जातो आहे. २०१८ मध्ये ६२ अभ्यासांचा आणि १९८२ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आरसा वापरल्याने हालचालीत व रोजच्या कामांत सुधारणा होते असे त्यात आढळले. एक साधा आरसा टेबलावर उभा करून हा व्यायाम घरी होऊ शकतो, मात्र पहिल्यांदा तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

तिसरे सूत्र, दुरावलेल्या हाताला खरे काम द्यावे. अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी चांगल्या हाताला मोजा घालून दुसऱ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत विकसित केली. २००६ मध्ये २२२ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा फायदा वर्षभर टिकलेला दिसला. ही पद्धत ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल आहे त्यांच्यासाठीच आहे, हे लक्षात ठेवावे. ज्यांच्या हातात तेवढी हालचाल नाही, त्यांनी तो हात ताटाशेजारी टेबलावर ठेवावा, त्याने वही दाबून धरावी, पेला दोन्ही हातांनी उचलावा. हात कामात हजर असणे महत्त्वाचे आहे.

चौथे सूत्र धोक्याचे. दुरावलेल्या हाताला धरून रुग्णाला कधी ओढून उठवू नये. खांदा निखळतो, दुखतो, आणि दुखणारा हात आणखी दुरावतो. त्या बाजूला गरम भांडे, इस्त्री, गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. त्या बाजूने रुग्णाशी बोलावे, त्या बाजूने पाणी द्यावे, म्हणजे लक्ष तिकडे जाईल.

या विषयाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. आपलेपणाची जाणीव आली म्हणजे मेलेल्या मेंदूपेशी परत येत नाहीत. ज्याच्या मेंदूची मोठी हानी झाली आहे, त्याला हात आपला वाटूनही तो हलणार नाही, असे होऊ शकते. रबरी हाताचे प्रयोग बहुतांशी निरोगी तरुणांवर झालेले आहेत, आणि तिथले निष्कर्ष रुग्णाच्या खाटेपर्यंत आणताना सावधपणा हवा. आरसा, मालिश, मोजा ही औषधांची आणि फिजिओथेरपीची जागा घेत नाहीत. त्यांना अर्थ देतात. रुग्णाने दिवसाला शंभर वेळा हात वर केला आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याचा हात असल्यासारखा वर केला, तर त्या शंभरातून फारसे काही हाती लागत नाही. पाहून, स्पर्शून, काहीतरी घेण्यासाठी दहा वेळा उचलला तर मेंदू त्याची नोंद घेतो.

आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या घरांत प्रेम म्हणजे दुसऱ्याचे सगळे करून देणे. आजारी माणसाला भरवणे, कपडे घालून देणे, अंग पुसणे, यात माया आहे आणि पहिल्या काही दिवसांत त्याची गरजही आहे. पण हे महिनोन्‌महिने चालू राहिले तर त्या माणसाचे अंग हळूहळू घरच्यांचे होते. त्याचा हात कुठे ठेवायचा, कधी हलवायचा, हे इतर ठरवू लागतात, आणि त्याच्या मेंदूला त्या हाताची काळजी घेण्याचे कारणच उरत नाही. सेवा करणाऱ्यांनी थोडे थांबायला शिकावे. सांडेल, उशीर होईल, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात जाईल. तेवढे होऊ द्यावे. त्या चुकांमधूनच अंग परत आपल्या माणसाचे होते.

हे पुस्तक फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आशा कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि सर्वांत जास्त त्या घरांसाठी आहे जिथे कुणाचा तरी हात किंवा पाय दुरावला आहे. पूर्वार्धातील विज्ञान कठीण वाटले तर आधी उत्तरार्ध वाचावा आणि मग मागे यावे. वाचकाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर आज त्याच्याजवळ बसा, त्याचा हात त्याच्या डोळ्यांसमोर ठेवा, त्याच्याच दुसऱ्या हाताने तो धरायला सांगा, आणि त्या हातासाठी रोजचे एखादे छोटे काम दोघे मिळून ठरवा. व्यायाम त्यानंतर सुरू करा.